हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल: दहा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं चालणं-फिरणं थांबलं, म्हणून हजार तुकड्यांचं पझल आणलं. आता ते तिसऱ्यांदा लावून झालंय. मध्ये दुसऱ्या कंपनीचं पाचशे तुकड्यांचंही लावलं. खोका उघडल्या दिवशी जे कळत नाही, ते आता सांगू शकते.

हजार आकडा बघून आम्ही धसका घेतला होता, पण खरं छळलं ते पाचशेवाल्याने. हजारच्या चित्रात भरलेली बाजारपेठ आहे. पाट्या, छत्र्या, फळांच्या टोपल्या. जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर काहीतरी धागा सापडतो. पाचशेच्या चित्रात मात्र वरचा निम्मा भाग नुसतं आभाळ, तेही एकाच निळ्या छटेचं. रंगाची मदत संपली की हातात फक्त आकार उरतो, आणि तिथेच कापणी कशी आहे ते उघड होतं.

त्या आभाळात एक तुकडा चार दिवस चुकीच्या जागी बसून होता. दाबला तर बसला, हलवला तर हलला नाही. पुढचं काहीच जुळेना तेव्हा आईने मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. तुकड्याच्या एका कडेला केसाएवढी सावली पडली. काढून बघितला तर जागा तीन ओळी खाली! आई तेव्हा म्हणाली, "चुकलं तर चुकलं म्हणून त्यानेच सांगायला हवं गं." माझ्या मते दर्जाची कसोटी हीच. हजारच्या पझलमध्ये चुकीचा तुकडा बोटाला लगेच खुपतो, आणि बरोबर बसला की हलकासा टक आवाज येतो. पझल कितीही अवघड असू दे, त्याने फसवू नये.

हे तुकडे करवतीने कापत नाहीत. नाव जिगसॉ असलं तरी पुठ्ठ्यावर पोलादी पात्यांचा साचा दाबतात. पाती बोथट झाली की कडांना धागे राहतात, तुकडे एकमेकांना चिकटून येतात आणि खोक्याच्या तळाशी भुसा साठतो. पाचशेच्या खोक्यातून चमचाभर तरी निघाला असेल.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: काठाचे तुकडे वेगळे काढून मोजा. आमच्या हजारमध्ये आडवे 38 आणि उभे 27, म्हणजे प्रत्यक्षात 1026 तुकडे आहेत आणि काठाचे, कोपरे धरून, 126. चाळीस गुणिले पंचवीसची मांडणी असली तरी काठ 126च भरतो. एखादा कमी निघाला तर परत करायची मुदत हातात असते.

साताऱ्याच्या पावसाने दोघांचीही परीक्षा घेतली. जुलैत आठ-दहा दिवस ऊन नव्हतं. हजारचा पुठ्ठा जाड आहे, साधारण दोन मिलिमीटर. तो थोडा घट्ट बसू लागला एवढंच. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने ट्यूबलाइटही डोळ्यांवर चमकत नाही. पातळ पाचशेवाल्याच्या तुकड्यांच्या कानांवरचा, म्हणजे शेजारच्या तुकड्यात अडकणाऱ्या गोल टोकांवरचा, कागद मात्र उचकटला आणि चित्राखालचा करडा थर दिसायला लागला. आता दोन्ही झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवतो. रंगांची विभागणी कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत करतो, पण तळाला कोरा कागद घालूनच. तुपाचा डाग पुठ्ठ्यावरून जात नाही.

पहिल्यांदा लावायला तेवीस दिवस लागले होते, आता नऊ. बाजारपेठ आईला तोंडपाठ झालीये. पुढचं कासच्या फुलांचं, आपल्याच फोटोवरून करून घ्यायचं तिच्या मनात आहे. पण तेरड्याचा सगळीकडे सारखाच जांभळट सडा म्हणजे पुन्हा त्या आभाळासारखीच गत. म्हणून ऑर्डर देण्याआधी मी नमुन्याचे दहा तुकडे मागवलेत. ते आले की आईच्या हातात देणार, टॉर्चसकट.