२४ तासांचा होल्टर: कधी लावावा, रिपोर्ट कसा पारखावा

साधा ईसीजी हृदयाचे १० सेकंद बघतो. धडधड मात्र जिना चढताना किंवा मध्यरात्री होते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असते. म्हणून होल्टर: छातीवर ५ ते ७ इलेक्ट्रोड, कमरेला छोटंसं यंत्र आणि दिवसभरातल्या सुमारे १ लाख ठोक्यांची नोंद.

तपासणी उत्तम आहे, पण त्रास रोज किंवा एक-दोन दिवसाआड होत असेल तरच. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा धडधड होणाऱ्याला २४ तासांचा होल्टर लावून ‘सर्व नॉर्मल’ म्हणणं ही खोटी समजूत आहे. तिथे छातीवर चिकटवायचा, १४ दिवसांपर्यंत नोंद करणारा पॅच घ्यावा. वर्षातून एक-दोनदाच येणाऱ्या बेशुद्धीसाठी त्वचेखाली बसवायचा, दीर्घकाळ नोंद ठेवणारा लूप रेकॉर्डर असतो. पण बेशुद्ध पडणं किंवा धडधडीबरोबर छातीत दुखणं यासाठी आधी डॉक्टरांना गाठायचं, होल्टरच्या तारखेची वाट बघायची नाही.

सेंटरचा दर्जा इलेक्ट्रोड लावतानाच कळतो. केस काढून, स्पिरिटने पुसून त्वचा पूर्ण वाळू द्यायला हवी. इलेक्ट्रोड हाडावर बसवायचे. मांसल जागेवर बसवले तर स्नायूंची थरथर नोंदीत उतरते. प्रत्येक वायरला छोटा वळसा देऊन वर टेप लावला की कूस बदलताना ओढ इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाही. हे पाच मिनिटांत उरकणारं सेंटर टाळावं. घरी तेल, पावडर लावू नये, आंघोळ टाळावी, बाकी दिनक्रम नेहमीचाच ठेवावा. जिन्यावर त्रास होत असेल तर जिना चढायलाच हवा.

सोबत मिळणाऱ्या डायरीकडे फार दुर्लक्ष होतं, आणि अर्धी तपासणी तीच असते. ‘दुपारी बरं वाटलं नाही’ ही नोंद निरुपयोगी. ‘४.१०, खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी, अर्धा मिनिट’ अशी हवी, घड्याळ यंत्राशी जुळवून. धडधड एकदम सुरू झाली की हळूहळू वाढली, हेही लिहावं, कारण ताल बिघडण्याची कारणं निरनिराळी असतात. हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड बहुधा हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरचीच असते. ताप, रक्ताची कमतरता, थायरॉइड किंवा भीती त्याला पळवते. दिव्याचं बटण दाबावं तशी सुरू आणि बंद होणारी धडधड मात्र बहुतेकदा विजेच्या फेऱ्याची असते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे वीज जाते ती एव्ही नोड या गाठीतून. काहींच्या एव्ही नोडमध्ये दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी ठोका येतो तेव्हा जलद वाट अजून सावरलेली नसते, म्हणून तो संथ वाटेने उतरतो. खाली पोचेपर्यंत जलद वाट मोकळी झालेली असते, मग तो तिच्यातून वर परततो आणि पुन्हा उतरतो. फेरा मिनिटाला १५० ते २५० वेळा फिरत राहतो. तिसरा प्रकार ‘ठोका चुकला’ असं वाटण्याचा. तिथे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून एक ठोका आधीच पडलेला असतो; त्यानंतरच्या लांब थांब्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत दणका दिल्यासारखा जाणवतो.

आता रिपोर्ट. ठोक्यांची वर्गवारी सॉफ्टवेअर करतं आणि ते हमखास फसतं. दात घासताना हाताच्या हालचालीने उठलेल्या लाटा हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारख्या, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या वेगवान तालासारख्या दिसतात. ईसीजीची छापील पट्टी नीट बघितली तर त्या लाटांतून खऱ्या ठोक्यांची टोकं नेहमीच्याच अंतरावर डोकावत असतात. सुटलेला इलेक्ट्रोड ‘४ सेकंदांचा पॉज’, म्हणजे ठोक्यांतला लांब थांबा, म्हणून छापला जातो. त्यात अनेकदा शेवटच्या ठोक्याच्या टोकानंतर येणारी छोटी लाट, म्हणजे टी लाटच, गायब असते. खऱ्या पॉजमध्ये असं होत नाही: खालचे कप्पे आकुंचन पावले की त्यांची वीज पूर्ववत होतेच आणि टी लाट उमटतेच. एवढं न तपासता कोणाला पेसमेकरचा सल्ला मिळाला, तर तो मोठा अन्याय आहे.

उलट, झोपेत ठोके चाळिशीत जाणं, निरोगी तरुणात रात्री एव्ही नोडने अधूनमधून एखादा ठोका अडवणं, दिवसभरात थोडे अकाली ठोके, यांनी घाबरू नये. खालच्या कप्प्यातले अकाली ठोके एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांवर गेले तर मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाची ताकद बघतात, कारण असा भार दीर्घकाळ राहिला तर स्नायू थकू शकतो.

सरासरी, किमान आणि कमाल गतीचा तक्ता एवढ्यावरच संपणारा रिपोर्ट स्वीकारू नका. डायरीतल्या प्रत्येक त्रासाच्या वेळेची पट्टी, सर्वांत लांब पॉजची पट्टी आणि वेगवान ताल सुरू होतानाची व थांबतानाची पट्टी मागून घ्या. नोंद यंत्रातून उतरवलेली असते, त्यामुळे या पट्ट्या नंतरही छापता येतात.