व्हेर्दिक्कियो: आठ महिन्यांच्या सोबतीनंतर

कामानिमित्त आन्कोनाला राहायला आल्यापासून गेले आठ महिने आमच्या घरी बहुतेक वेळा एकच पांढरी वाइन असते, ती म्हणजे इटलीच्या मार्के प्रांतातील 'व्हेर्दिक्कियो देइ कास्तेल्ली दि येझी'. येझी गावाभोवतीच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या व्हेर्दिक्कियो द्राक्षांचे प्रमाण हिच्यात किमान ८५ टक्के असावे लागते.

पहिल्या घोटाला लिंबाची साल, हिरवे सफरचंद आणि किंचित बडीशेप जाणवली. मात्र घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू बदामासारखी जी चव रेंगाळली, तिच्यामुळे बाटली बिघडली असावी असेच मला वाटले. दुसऱ्या उत्पादकाच्या बाटलीतही तोच कडवटपणा आढळला, तेव्हा हा या द्राक्षाचा स्वभावच आहे हे ध्यानात आले. चूक माझीही होती, कारण फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायल्यास सुगंध दबून जातो आणि कडूपणा तेवढा उरतो. आता मी बाटली वीसएक मिनिटे बाहेर ठेवून साधारण १० अंशांना ओततो.

नुसती प्यायला ही वाइन मला आजही फारशी आवडत नाही. जेवणाबरोबर मात्र तिचे रूपच पालटते. मांसाचे सारण भरून तळलेले आस्कोलीचे ऑलिव्ह खाताना तिच्या आंबटपणाने तोंडातला तेलकटपणा धुऊन निघतो आणि तो कडसर शेवट ऑलिव्हच्या कडूपणाशी असा जुळतो की दोन्ही सौम्य वाटू लागतात. परंपरेने १३ प्रकारचे मासे घालून केल्या जाणाऱ्या आन्कोनाच्या ब्रोदेत्तो या रश्श्यात टोमॅटो व व्हिनेगर असते. त्यापुढे मऊ स्वभावाच्या वाइन पाणचट लागतात, ही टिकते. रानबडीशेप घालून भाजलेला ससाही तिच्याबरोबर उत्तम लागतो.

घरच्या स्वयंपाकात अनुभव संमिश्र आला. रवा लावून तळलेल्या माशाशी तिची गट्टी जमली, पण लाल तिखटाच्या कोळंबीच्या कालवणाने तिखटही वाढवले आणि कडूपणाही, तेव्हा तो प्रयोग मी पुन्हा केला नाही. मांसाच्या दाट रश्श्याचे थर असलेल्या विन्चिझग्रास्सी या लसान्यासारख्या पदार्थापुढे साधी बाटली फिकी पडते. तेथे मार्केतल्याच मातेलिका खोऱ्यातली व्हेर्दिक्कियो अधिक शोभते: ते खोरे डोंगरांमुळे समुद्रापासून तुटलेले असून उत्तर-दक्षिण पसरले आहे, आणि तेथील गार रात्रींमुळे आंबटपणा टिकून वाइनला भारदस्तपणा येतो.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी चांगली राहते. तिसऱ्या दिवशी ती मी माशाच्या रश्श्यात ओततो. गेल्या महिन्यात पाच वर्षांपूर्वीच्या हंगामाची एक रिझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली बाटली, उघडली. लिंबू मागे सरून मधाचा गंध आला होता, रंग गडद झाला होता, आणि कडू बदाम मात्र होता तिथेच होता.