अण्णांची सातची गोळी इथे सातलाच मिळते

पुण्यात कर्वेनगरातल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर हे वृद्धांची देखभाल करणारं घर आहे. राहणारी माणसं नऊ. त्यातले एक माझे वडील, अण्णा, वय ८१. त्यांना इथे येऊन चौदा महिने झाले, म्हणून आता लिहिते आहे. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

अण्णा स्वारगेटला एसटीत कंट्रोलर होते. अकरा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. आई गेल्यावर दोन वर्षं माझ्याकडे होते. त्यांना सांभाळायला नर्सिंग ब्युरोच्या बायका यायच्या, महिना-दीड महिन्यात सोडून जायच्या, मी बँकेतून दर तासाला घरी फोन करायचे. मग एका मोठ्या केंद्रात ठेवलं. इमारत चकचकीत, पण चाळीसेक जणांच्या गोळ्या एकाच ट्रॉलीवरून, नाश्त्याबरोबर. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना लगेच कळेल मी काय म्हणते आहे. सिंडोपा या पार्किन्सन्सच्या गोळीतलं लेव्होडोपा हे औषध आणि दूध-अंड्यातली प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने रक्तात जातात. दोन्ही एकदम पोटात गेली की गोळी नीट लागू पडत नाही. ती जेवणाआधी अर्धा तास द्यायची असते, आणि वेळ हुकली की माणूस लाकडासारखा ताठ होतो. तिथे तीन आठवड्यांत अण्णांचं स्वतःच्या हाताने जेवणं सुटलं.

इथे पहिल्या दिवशी सिस्टरांनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, "गोळ्यांच्या वेळा सांगा. आणि अण्णांचे हात-पाय कधी मोकळे असतात, कधी आखडतात, तेही सांगा." सात, अकरा, तीन, सात. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर अण्णांच्या नावापुढे तेव्हापासून हेच चार आकडे आहेत. दूध आता रात्री झोपताना देतात. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहिलंय की उलटीवर मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, कारण लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामाइन बनतं, त्याचंच काम ते अडवतं. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर ती फाइल सोबत जाते.

दारातून जाताना अण्णांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. फिजिओथेरपिस्टनी सुचवलं म्हणून पलंगापासून बाथरूमपर्यंत फरशीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, प्रत्येक पट्टी ओलांडायची. घरी मी त्यांना हाताला धरून ओढायचे. ते चूक होतं, हे इथे कळलं.

जेवण साधं. मऊ भात, मुगाची खिचडी, दुधीची भाजी, ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना घोटून. भरवताना खुर्चीत ताठ बसवतात, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत. चव माझ्या आईच्या हाताची नाही, पण अण्णांचं वजन तीन किलो वाढलंय.

दिवेलागणीला अण्णा अस्वस्थ होतात. "साताऱ्याची लागली का?" विचारत राहतात. मी घरी त्यांना समजावायचे, अण्णा, तुम्ही रिटायर झालात, आणि ते रडायला लागायचे. इथल्या दोघी मावशी म्हणतात, "लागायचीय अजून. तोवर दोन घास खाऊन घ्या." ते खातात. हे मावशींना कुणी शिकवलं मला माहीत नाही. त्या दोघी पहिल्यापासून इथेच आहेत, आणि मला वाटतं यातलं बरंचसं त्यामुळेच जमतं.

आता तक्रारी. रात्री नऊ जणांना एकच मावशी. दुसऱ्या महिन्यात अण्णा पहाटे तीनला कमोडवरून उठताना पडले. खुबा वाचला, कपाळाला टाका पडला. मला फोन आला सकाळी साडेसातला. "तुमची झोप मोडायला नको म्हणून" हे कारण मला अजिबात पटलं नाही, आणि मी तसं सांगितलंही. त्यानंतर पलंगाजवळ बेल आली आणि कमोडला दोन्ही बाजूंनी दांडे बसले. ते आधीच असायला हवे होते. शिवाय महिना अडतीस हजार सांगतात त्यात डायपर, औषधं, फिजिओ धरलेलं नाही. आमचा आकडा सत्तेचाळीसच्या आसपास जातो. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं.

बघायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळेच आंघोळ करून नीटनेटके बसलेले असतात. संध्याकाळी साडेसहाला जा. इथे मी न सांगता कधीही गेले तरी कुणी दारात थांबवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात करार पुन्हा अकरा महिन्यांसाठी केला. रात्री दुसऱ्या मावशी ठेवायच्या आणि पडल्यास त्याच क्षणी फोन करायचा, ही दोन वाक्यं या वेळी त्यात लिहून घेतली आहेत. दुसऱ्या मावशी एक तारखेपासून येणार आहेत. त्या रात्री मी तिथे जाऊन बघणार आहे.