परड्याला जाळी: चेनलिंक की वेल्डमेश?

स्वतःच कुंपण घालायचं तर कोकणात माझं मत चेनलिंकला, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेल्या जाळीला. आपली परडी उताराची. चेनलिंक उताराबरोबर वळते, वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, ताठ राहून खाली फट सोडते. कुत्री तिथूनच शिरतात. शिवाय खाऱ्या हवेत वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात.

चेनलिंकची खरी मेहनत ताणण्यात. कोपऱ्यातल्या लोखंडी अँगलच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्या, बुडाच्या काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारा, मगच वर-मध्ये-खाली तारा ओढून जाळी बांधा. घाई केलीत की खांब आत झुकलाच! ओढायला दुसरा माणूस हवा.

सपाट अंगणात मात्र वेल्डमेश सोपी, दिसतेही नेटकी. कोंबड्या असतील तर बारीक चौकटीची तीच घ्या.