मागचं धूसर करून देणारी रिंग

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्यानं कुणाकडून तरी जुना हँडीकॅम घेतलाय. हल्लीच्या पोरांना तो खरखरीत व्हिडिओच आवडतो म्हणे. "मामा, इथे एक जण अ‍ॅडॉप्टर देतोय. एसएलआरची, म्हणजे मोठ्या फोटो कॅमेऱ्याची, लेन्स हँडीकॅमला बसते, बॅकग्राउंड एकदम ब्लर. सात हजार सांगतोय." मी जेवत होतो, तसाच ताटावरून उठलो.

कारण ती रिंग माझ्या कपाटात २०१२ पासून पडलेली आहे.

तेव्हा मी कराडात लग्नाचं शूटिंग करायचो. हाताशी एक हँडीकॅम, एक ट्रायपॉड, दोन हॅलोजन. त्याच सुमारास गावात एकानं डीएसएलआर आणला आणि सगळ्यांना 'तसलं' शूटिंग हवं झालं. तसलं म्हणजे नवरी लख्ख आणि मागचं सगळं धूसर. हँडीकॅमला ते जमत नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चकती, करंगळीच्या नखाहून लहान असते, त्यामुळे नवरीच्या नथीपासून मागच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट. दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. डीएसएलआर घ्यायला पैसे नव्हते, पण घरी बाबांच्या फोटो स्टुडिओतली निकॉनची ५० मि.मी. लेन्स होती. हीच लेन्स हँडीकॅमवर चढवता आली तर, हा किडा डोक्यात शिरला.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसटीला उतरलो आणि दुकानं उघडेपर्यंत चहा पीत बसलो. मग बोरा बाजार. तिसऱ्या की चौथ्या दुकानात माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत मालक म्हणाला, "सिनेमा अ‍ॅडॉप्टर ना भाऊ? शेवटचा पीस आहे."

त्यानं आधी माझ्या हँडीकॅमच्या आट्यांवर एक रिंग फिरवली, ३७ चं ५२ करणारी. तिच्यावर दुसरी बारीक रिंग, दोन्ही बाजूंना आटे असलेली. आणि तिच्यावर बाबांची लेन्स. पण उलटी! लेन्सचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि कॅमेऱ्याला अडकतो तो मागचा भाग उघडा, बाहेर. मी विचारलं, "उलटी का?" तर म्हणे, "सिनेमाची अशीच बसते." कॅमेरा त्यानं झूम करूनच ठेवला होता, ते मला कळलं घरी आल्यावर. मग रुपयाचं नाणं चिमटीत धरून लेन्ससमोर आणलं. स्क्रीनवर नाण्याचा कंगोरा न् कंगोरा दिसत होता आणि मागचं कॅलेंडर लोण्यासारखं विरघळलेलं.

माझी नजर स्क्रीनवर खिळली होती. बघायला हवं होतं ते हे, की नाणं लेन्सपासून किती लांब आहे.

रिंगांचे साडेसहा हजार. वर एक वाइड कन्व्हर्टर, म्हणजे जास्त रुंद दृश्य दाखवणारी जोडकाच, १,८०० ला गळ्यात मारला. त्यावर ०.४५ एक्स आणि जपान असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं. बिल मागितलं तर वहीतल्या कागदावर 'कॅमेरा सामान, २ नग' लिहून दिलं. ना दुकानाचं नाव, ना शिक्का. रात्रीची गाडी धरली आणि बर्थवर पडल्या पडल्या नव्या रेटचं कार्डसुद्धा मनात छापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुतणीला अंगणात उभं केलं, तीन फुटांवर. स्क्रीनवर धुकं. ऑटोफोकस आपलं पुढे-मागे, पुढे-मागे. मॅन्युअल करून पाहिलं, तरी धुकं. झूम मागे घेतला तर काळ्या चौकटीत एक गोल भोक, त्यातही धुकं. शेवटी वैतागून कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेत गेलो. लेन्स डोळ्यापासून दोन बोटांवर आली आणि एकदम पापणीचा एकेक केस लख्ख दिसला. पोरगी किंचाळून मागे सरली.

ओसरीवरून बाबा बघत होते. म्हणाले, "अरे, उलटी लेन्स आहे ती! आम्ही मुंग्यांचे फोटो काढायचो तशी."

म्हणजे विकली ती मॅक्रोची, अगदी जवळून फोटो काढायची, जोडरिंग. सुलटी असताना निकॉनची लेन्स आपल्या मागच्या कड्यापासून ४६.५ मि.मी. वर प्रतिमा पाडते, कारण त्या कॅमेऱ्यात फिल्म तेवढ्याच अंतरावर असते. उलटी करून दुसऱ्या लेन्ससमोर धरली की ती जाड भिंग होते आणि त्याच साडेचार सेंटीमीटरवरची वस्तू तेवढी स्पष्ट दिसते. बाकी जग धूसर. मागचं धूसर होतं यात खोटं काहीच नाही. पुढचंही होतं, एवढंच.

हँडीकॅमची स्वतःची लेन्स निघतच नाही. तिच्यासमोर दुसरी लेन्स नुसती लावून सिनेमाचा परिणाम मिळत नाही, मग रिंग शंभराची असो की दहा हजारांची. खरं अ‍ॅडॉप्टर असायचं, नाही असं नाही. त्यात मध्ये दुधी काच असते. एसएलआरची लेन्स सुलटी बसते, त्या काचेवर प्रतिमा पाडते, आणि हँडीकॅम जवळून त्या काचेचं शूटिंग करतो. प्रतिमा उलटी येते, ती सरळ करायला वेगळा प्रिझम लागतो किंवा स्क्रीन उलटी टांगावी लागते. उजेड बराच खातं. काच स्थिर असेल तर तिचे दाणे चित्रात दिसतात, म्हणून ती फिरवायला किंवा थरथरवायला आत मोटर. दांड्यांवर पेललेलं हातभर धूड होतं ते. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा डीएसएलआर आला, थेट मोठ्या सेन्सरवर व्हिडिओ घेऊ लागला, आणि थोड्याच वर्षांत या प्रकाराचं काम संपलं. मी २०१२ मध्ये मेलेल्या म्हशीचं दूध काढायला मुंबईला गेलो होतो.

दुकानात फोन केला. मालक शांत. "भाऊ, लांबचं पाहिजे तर अजून एक काच लागते. साडेतीन हजार." मी आवाज चढवल्यावर म्हणाला, "तुमच्यासमोर चालवून दाखवलं ना?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. दाखवलं होतंच की.

वाइड कन्व्हर्टरची गंमत निराळी. ०.४५ म्हणजे रुंदीत दुपटीहून जास्त दिसायला हवं. भिंतीवर टेप लावला, ट्रायपॉड हलवला नाही. नुसत्या कॅमेऱ्यात दोन मीटर भिंत मावली, कन्व्हर्टर लावून जेमतेम २.८५. म्हणजे ०.७! शिवाय कडांना जांभळी झालर, आणि थोडा झूम केला की फोकस जायचा. बाबांनी ती काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. चांगल्या काचेवर लेप असतो, त्यात प्रतिबिंब हिरवट, जांभळट दिसतं. यात ट्यूब पांढरीफटक, खिडकीच्या काचेत दिसावी तशी.

हँडीकॅमचे आटेही त्यात गेले. ते प्लॅस्टिकचे, आणि वर लोखंडासारखी जड जुनी लेन्स. रिंग तिरकी बसली ती निघेना. रबरी हातमोजा घालून पिळली तेव्हा आट्यांचा भुगा घेऊनच बाहेर आली.

तक्रार केली नाही. कागदावर दुकानाचं नावच नव्हतं, आणि लाजही वाटत होती. आज मात्र गप्प बसलो नसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणं हीसुद्धा, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. धंद्यासाठी घेतलं म्हणून आपण ग्राहक नाही असं कुणी ऐकवलं तर, पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्यात ग्राहकाचीच खरेदी असते. पण खरेदीचा पुरावा म्हणून बिल हातात असलेलं बरं.

तर भाचा फोनवर होता. म्हणाला, "पण मामा, तो समोर चालवून दाखवतो म्हणतोय." मी म्हटलं, "दाखवू दे. फक्त नाणं, फूल, अंगठी काही धरू देऊ नकोस. कॅमेरा तुझ्या हातात घे, झूम पूर्ण मागे कर, आणि दारात उभा राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवर धर. पाटी वाचता आली तर मला सांग."

दहा मिनिटांनी फोन आला. "मामा, तो म्हणतो हा पीस दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे, चुकून दाखवला."