चर्चच्या अंगणातलं खत: घ्यावं का?

रविवारची उपासना सुटली की आमच्या भागातल्या चर्चच्या अंगणात टेबल मांडतात. पाच किलो कंपोस्ट, शंभर रुपये. मी चर्चला जाणारा नव्हे, गच्चीतल्या जास्वंदीपायी गेलो.

खत लई भारी! काळंभोर, भुसभुशीत, मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि बोटानं टोचलं की सुटतो. वास पहिल्या पावसाचा. अंगणातला पालापाचोळा, घरोघरचं भाजीचं देठ, वेदीवरची सुकलेली फुलं असं सगळं त्यात जातं म्हणे. तीन आठवड्यांत जास्वंदीला कळ्या धरल्या.

तक्रार एकच, पण आहे. पिशवीत दोन दुधाच्या पिशव्यांचे तुकडे निघाले. चाळणी बारीक घ्या की राव! सांगितलं तर मावशींनी वहीत लिहून घेतलं, वर मूठभर खत जास्त दिलं.

शेजारीच सह्यांचा कागद होता: कोल्हापुरातल्या जयंती नाल्याचं सांडपाणी पंचगंगा नदीत जाऊ देऊ नका, असं महापालिकेला निवेदन. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरची बरीच चर्च सृष्टीच्या जपणुकीसाठी पाळतात, हे तिथंच कळलं. मी सही केली. पिशवी मात्र घरूनच न्या, तिथं मिळत नाही.