पीएम-वाणीचं वायफाय नाशिकमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका ॲपमध्ये ओटीपी टाकून एकदाच नोंदणी करायची आणि मग शालिमारचं दुकान असो की कॉलेज रोडचा कॅफे, वाणीचं वायफाय जिथे असेल तिथे वापरायचं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेचा गाभा हाच. काही महिने वापरून मत असं झालंय की एका जागी बसून काम करायला हे चांगलं आहे, चालता-फिरता वापरायला अजून नाही.

अडचण रेंजची नाही. प्रत्येक दुकानदाराचा राउटर त्याच्या स्वतःच्या ब्रॉडबँडवर चालतो. मेन रोडने रविवार कारंजाकडे जाताना एक राउटर सुटून दुसरा लागला की फोनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, बदलतो. व्हॉट्सॲपचे मेसेज सावरतात, व्हिडिओ कॉल मात्र अडकतो किंवा तुटतो. ८०२.११आर ही झटपट बदलाची सोय एकाच यंत्रणेखालच्या, एकाच नावाच्या राउटरांमध्ये चालते. दोन वेगळ्या दुकानांत तिचा उपयोग नाही. नावं वेगळी असली की फोन सिग्नल पार जाईपर्यंत जुन्यालाच धरून बसतो. म्हणून निघण्याआधीच वायफाय बंद करा, मग कॉल लावा.

पॅक शिल्लक असूनही पुन्हा लॉगिन मागितलं, तर फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क ज्यावरून फोन ओळखतं तो क्रमांक, बदललेला असण्याची शक्यता मोठी. आयओएस १८ मध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस ‘रोटेटिंग’वरून ‘फिक्स्ड’ करा. अँड्रॉइडवर लॉगिनचं पान उघडतच नसेल तर प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा, व्हीपीएन बंद करा.

नाशिक रोड स्टेशनवरचं रेलवायर हे रेल्वेचं वायफाय वेगळं. तिथे मोबाइल नंबरवर रोज पहिली ३० मिनिटं मोफत.

पासवर्ड नसलेल्या वायफायवर फोन ते राउटर हा टप्पा उघडा असतो, ही वाणीची मोठी उणीव. कॉलेजांमधल्या एड्युरोम या सामाईक वायफायकडे पाहा: स्वतःच्या संस्थेचा आयडी एकदा भरला की दुसऱ्या सहभागी संस्थेतही फोन आपोआप जोडला जातो, शिवाय जोडणी एन्क्रिप्टेड. शहरासाठी पासपॉइंट प्रोफाइलने, म्हणजे फोनमध्ये एकदाच भरायच्या वायफाय ओळखीने, हेच साधतं, आणि वाणीत ते यायलाच हवं.

दुकानदारांसाठी एक महत्त्वाचं. फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकतो तेव्हा लोक नेटला दोष देतात. बहुतेक घरगुती राउटरकडे वाटायला जास्तीत जास्त २५३ पत्ते असतात. लीज, म्हणजे एक पत्ता एका फोनसाठी राखून ठेवायची मुदत, २४ तासांची असेल तर सकाळी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांचे पत्ते संध्याकाळपर्यंत अडकून राहतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ही मुदत (डीएचसीपी लीज) ३० मिनिटांवर आणा, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी येण्याआधी पंचवटीत हे झालेलं असावं.